मदत हवी आहे: ॲलो फेरॉक्सची सात झाडं, ओळख पक्की करायची आहे; फुलं येऊनही बोंड धरत नाही, एकाचा बुंधा मऊ पडलाय

काळी_माती

सोलापुरात एका महाविद्यालयाच्या बागेत 'ॲलो फेरॉक्स' (कोरफडीच्या वंशातलं दक्षिण आफ्रिकेतलं झाड) म्हणून लावलेली सात झाडं आहेत. एका रोपवाटिकेतून २०१७ मध्ये 'बियांपासून केलेली रोपं' म्हणून आणलेली. आता झाडांजवळ नावाच्या पाट्या लावायच्या आहेत. चुकीचं नाव लावलं तर विद्यार्थी तेच पाठ करतील, म्हणून आधी खात्री हवी.

निरीक्षणं अशी:

क्र. १: एकच खोड, उंची १.४ मीटर. डिसेंबरअखेर फुलोरा आला. एका दांड्यावर चार मंजिऱ्या, चारही सरळ उभ्या. फुलं केशरी-लाल. जानेवारीच्या मध्यात संपली. एकही बोंड नाही.

क्र. २: एकच खोड, १.२ मीटर. पानांच्या दोन्ही बाजूंवर दाट काटे. फुलोरा जानेवारीअखेर आला. मंजिऱ्या जवळजवळ आडव्या, फुलं पिवळट-केशरी. हिलाही बोंड नाही.

क्र. ३: सप्टेंबरच्या पावसानंतर बुंधा जमिनीलगत मऊ लागतोय, खालची पानं पिवळी.

क्र. ४ आणि ५: एकच खोड, अजून फुलं नाहीत. पानांच्या पाठीवर तुरळक काटे.

क्र. ६ आणि ७: खोड जवळजवळ नाहीच, बाजूने पाच-सहा पिलं फुटली आहेत.

जमीन काळी, भारी. प्रत्येक झाडाला आळं केलेलं आहे आणि ठिबकची एक नळी. जूनमध्ये साफसफाई करताना खोडावरची वाळलेली पानं ओढून काढली होती.

प्रश्न: यांतली खरी फेरॉक्स कोणती? बोंड का धरत नाही? क्र. ३ वाचेल का? आणि विद्यार्थी विचारतात तो एक: दुकानात मिळणारा काळा बोळ याच झाडाचा का?

पर्णरंध्र

६ आणि ७ आधी बाजूला काढा. ॲलो फेरॉक्स बुंध्यातून पिलं देत नाही. ती एका खोडाची, न फांदणारी जात आहे. शेंडा मोडला किंवा किडीने खाल्ला तर क्वचित फांद्या फुटतात, पण त्या खोडावर वर फुटतात, मातीतून नाही. जमिनीतून पिलं, आखूड खोड आणि राखी-हिरवी मऊ पानं एकत्र दिसली तर ती आपली नेहमीची कोरफड, ॲलो व्हेरा, असण्याचीच शक्यता जास्त. पानाच्या कडेचे दात बघा. कोरफडीचे दात फिकट, लहान आणि मऊसर असतात. फेरॉक्सचे तांबूस-तपकिरी, टणक, साधारण ६ मिमीचे आणि एकमेकांपासून १ ते २ सेंमी अंतरावर. फुलं आली की शंका बरीच मिटेल, कारण कोरफडीची फुलं बहुतेक पिवळी असतात.

आणखी एक. कोरफड बी क्वचितच धरते, तिची लागवड जगभर पिलांपासूनच होते. त्यामुळे ही दोन रोपं त्या बियांपासून केलेल्या रोपांतली नसावीत, रोपवाटिकेच्या ट्रेमध्येच मिसळली असावीत.

क्र. २ बद्दल: आडव्या मंजिऱ्या आणि पानांवर दाट काटे ही ॲलो मार्लोथीची खूण आहे. मंजिरीवरची फुलं सगळीकडे फिरलेली आहेत की एकाच बाजूला, वरच्या अंगाला वळलेली? तेवढं सांगा.

क्र. १ बद्दल मात्र घाई नको. फुलाच्या आतल्या पाकळ्यांची टोकं कोणत्या रंगाची होती?

काळी_माती

फोटो मोठे करून पाहिले. क्र. २ ची सगळी फुलं मंजिरीच्या वरच्या बाजूलाच वळलेली आहेत. क्र. १ ची फुलं मंजिरीभोवती सगळीकडे, दाटीने. आतल्या पाकळ्यांची टोकं तपकिरी. पुंकेसर फुलाच्या तोंडातून बरेच बाहेर आलेले. एका फुलाची लांबी मोजली होती, ३२ मिमी.

६ आणि ७ चे दात फिकट आणि बारीक आहेत, तुम्ही म्हणता तसेच.

पर्णरंध्र

मग क्र. २ मार्लोथी. ती दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागातली, लिम्पोपोपासून क्वाझुलू-नाटालपर्यंतची जात. फेरॉक्स दक्षिणेकडची: पश्चिमेला स्वेलेंडमपासून ईस्टर्न केपमधून क्वाझुलू-नाटालच्या दक्षिण भागापर्यंत, शिवाय फ्री स्टेट आणि लेसोथोची दक्षिण बाजू. लहानपणी दोन्ही रोपं इतकी सारखी दिसतात की पानांवरून ओळखणं धोक्याचं आहे. फेरॉक्सच्या कोवळ्या रोपांनाही पानांच्या दोन्ही बाजूंवर काटे असतात. झाड उंच होऊन चरणाऱ्या जनावरांच्या तोंडाच्या वर गेलं की पानांच्या पृष्ठभागावरचे काटे कमी होतात, कधी फक्त कडेला उरतात. म्हणून ४ आणि ५ ला आत्ता नाव लावू नका. पाटीवर फक्त 'ॲलो, जात निश्चित व्हायची' असं लिहा.

मंजिऱ्या उभ्या म्हणजे फेरॉक्सच, हेही पूर्ण खरं नाही. मार्लोथीच्या जवळची ॲलो स्पेक्टाबिलिस नावाची जात आहे, क्वाझुलू-नाटालमधली. तिच्याही मंजिऱ्या उभ्याच असतात, पण तिच्या आतल्या पाकळ्यांची टोकं चकचकीत काळी असतात. तुमची तपकिरी आहेत, फुलाची लांबी जुळते, पुंकेसर बाहेर आलेले आहेत, खोड एकच आहे. क्र. १ ला फेरॉक्स म्हणायला माझी हरकत नाही.

पहिल्या-दुसऱ्या फुलोऱ्याला मंजिऱ्या कमी असणं स्वाभाविक आहे. वाढलेल्या झाडाला एका दांड्यावर पाच ते आठ, कधी त्याहून जास्त येतात, दीपमाळेसारख्या.

आल्गोआ

ईस्टर्न केपमध्ये, गेबेखा (जुनं पोर्ट एलिझाबेथ) भागात राहते. इथे हे झाड रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक खडकाळ उतारावर दिसतं. झोसा भाषेत त्याला इखाला म्हणतात, आफ्रिकान्समध्ये बिटरआल्वेन, म्हणजे कडू कोरफड. लॅटिन फेरॉक्स म्हणजे उग्र, काट्यांवरून पडलेलं नाव. फिलिप मिलर यांनी १७६८ मध्ये ते दिलं.

ओळखीच्या बाबतीत एक भर. इथे फेरॉक्सचे नैसर्गिक संकर खूप सापडतात. कारण सोपं आहे: बहुतेक सगळ्या ॲलोंची गुणसूत्रं १४, त्यांत आठ लांब आणि सहा आखूड. गुणसूत्रांचा साचा एकच असल्यामुळे शेजारच्या जातीचा पराग सहज लागू पडतो. आमच्या भागात फेरॉक्स आणि ॲलो आफ्रिकाना शेजारी शेजारी फुलतात आणि मधल्या रूपाची झाडं दिसतात. आफ्रिकानाचं फूल टोकाला वर वळलेलं असतं, पान मागे वाकलेलं असतं. क्र. ४ किंवा ५ ला पुढे फुलं आली आणि ती किंचित वर वळलेली, कळी केशरी पण उमललेलं फूल पिवळट अशी निघाली, तर संकराचा संशय धरा. बागेतल्या बियांत असे संकर नेहमीच निघतात. मात्र क्वाझुलू-नाटालकडच्या शुद्ध फेरॉक्समध्येही पाकळ्यांची टोकं पांढरी आणि किंचित वर वळलेली असू शकतात. त्या रूपाला पूर्वी ॲलो कॅन्डेलाब्रम हे वेगळं नाव होतं, आता ते फेरॉक्सच्याच पोटात धरतात. म्हणून एका खुणेवर निर्णय नको, चार-पाच खुणा एकत्र बघा.

आता वाळलेल्या पानांबद्दल, कारण मला ती गोष्ट सर्वांत जास्त खटकली. खोडाभोवतीचा तो वाळलेल्या पानांचा झगा कचरा नाही. रानात वणवा गेला की तोच खोड वाचवतो. ज्या झाडांचा झगा काढलेला असतो ती आगीत मरतात, ज्यांचा शाबूत असतो ती तगतात. शिवाय थंडी-उन्हापासून खोडाचं रक्षण. तुमच्याकडे वणवा नसेल, पण पान ओढून काढताना खोडावर ओली जखम राहते, आणि तीही जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. क्र. ३ ची कुजण्याची सुरुवात तिथून झाली असेल. पुढे कधी काढायचीच झाली तर पूर्ण वाळून सैल झालेली पानं फक्त जानेवारी-फेब्रुवारीत काढा.

माळावरचा_निचरा

क्र. ३ वर थेट उपाय सांगतो.

आळं आजच मोडा आणि ठिबकची नळी काढून टाका. बुंध्याभोवतीची माती वीतभर खोल खरवडून खोड उघडं करा. स्पिरिटने पुसलेल्या धारदार चाकूने मऊ भाग कापत जा, आत पांढरट-हिरवा, घट्ट गाभा लागेपर्यंत. प्रत्येक कापानंतर चाकू पुन्हा पुसा, नाहीतर कूज तुम्हीच पुढे नेता.

कूज खोडाच्या अर्ध्यापेक्षा कमी घेरात असेल तर जखमेला कॉपर ऑक्सिक्लोराईड (बुरशीनाशक) पाण्यात कालवून पातळ लेप द्या आणि खड्डा दोन आठवडे उघडा ठेवा. पाणी बंद. नंतर मातीऐवजी जाड मुरूम भरा.

गाभ्यापर्यंत तपकिरी झालं असेल तर बुंधा वाचत नाही, शेंडा वाचवायचा. खोड वर वर कापत जा, काप पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत. त्यात एकही तपकिरी ठिपका दिसला तरी आणखी दोन बोटं वर. खालची पानं काढून शेंडा सावलीत, वारा लागेल असा तीन आठवडे सुकवा. मग कोरड्या जाड वाळूवर तीन काठ्यांच्या आधाराने उभा ठेवा. मुळं फुटेपर्यंत पाणी नाही. पिलं देणाऱ्या कोरफडीइतकं हे सोपं नाही, काही महिने लागतात आणि काही शेंडे जातात. पावसाळ्यात हा उद्योग अजिबात करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ.

उरलेल्या झाडांसाठी: काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात वाळू-मुरूम भरायची चूक बरेच जण करतात. भोवतीची चिकणमाती पाणी सोडत नाही, सगळं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि खड्ड्याचा हौद होतो. भर जमिनीच्या वर घाला. दोन मीटर रुंद, ४५ ते ६० सेंमी उंच ढीग. प्रमाण घमेल्यांत: मुरूम पाच, जाड वाळू तीन, माती एक, पूर्ण कुजलेलं शेणखत एक. खोडाचा जमिनीलगतचा भाग आधी जिथपर्यंत उघडा होता तिथपर्यंतच उघडा राहिला पाहिजे. खोड पुरलं की कुजलंच समजा.

झाडं उचलून ढिगावर हलवायची असतील तर ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. मुळं उथळ आणि पसरट असतात, म्हणून खोल नाही, रुंद खणा. हलवल्यावर आठ-दहा दिवस पाणी नको, तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकू द्या.

काळी_माती

पण सोलापूरचा पाऊस तसा कमीच. सरासरी सातशे मिमीच्या आसपास. मग कूज का?

आल्गोआ

गेबेखाचाही पाऊस वर्षाला साधारण सहाशे मिमी. म्हणजे एकूण पाण्यात फार फरक नाही. फरक दोन ठिकाणी आहे. इथला पाऊस वर्षभर थोडा थोडा विखुरलेला असतो आणि झाड खडकाळ उतारावर असतं, पाणी काही तासांत निघून जातं. तुमच्याकडे बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, उष्ण हवेत, सपाट काळ्या जमिनीवर. त्यात आळं आणि ठिबक.

आणि हे झाड पाणी जपून वापरतं. पर्णरंध्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साईड रात्री आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा रंध्रं मिटलेली असताना त्यातून साखर बनते. त्यामुळे पाण्याची उधळपट्टी होत नाही, पण भोवतीची माती त्याच्या शोषणाने लवकर सुकतही नाही. भारी जमिनीत ओल आठवडेच्या आठवडे तशीच राहते.

उन्हाळ्यात पानं तांबूस पडून आत मिटली तर घाबरून रोज पाणी घालू नका. एप्रिल-मेमध्ये तीन आठवड्यांतून एकदा, संध्याकाळी, खोडापासून दीड-दोन फूट लांब.

पर्णरंध्र

आता बोंडाचा प्रश्न.

क्र. १ चं फूल संपल्यावर पंधरा दिवसांनी क्र. २ चं आलं. म्हणजे क्र. १ फुलत असताना जोडीला कोणीच नव्हतं. फेरॉक्सला स्वतःचा पराग सहसा लागू होत नाही. त्यात एकाच फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि कुक्षी, म्हणजे पराग घेणारं टोक, नंतर. मंजिरी खालून वर उमलते, म्हणून एका वेळी खालची फुलं मादी अवस्थेत आणि वरची नर अवस्थेत असतात. पण वरच्या फुलाचा पराग खालच्याला लावूनही उपयोग नाही, झाड एकच आहे.

पक्षी नाहीत म्हणून असं झालं, हा समज नको. फेरॉक्सचा मध पातळ आणि भरपूर असतो. मूळ ठिकाणी त्यावर सूर्यपक्ष्यांबरोबर सुगरण, बुलबुल, चष्मेवाला असे साध्या चोचीचे पक्षीही येतात आणि परागणाचं बरंच काम तेच करतात. तुमच्याकडे यांचे भाऊबंद आहेतच. कमी आहे ती फक्त दुसऱ्या फेरॉक्सची.

पुढच्या हिवाळ्यात ४ किंवा ५ ला फुलं आली आणि ती फेरॉक्स निघाली, तर हाताने परागण करा:

सकाळी, फुलं नुकती उमलल्यावर, नर अवस्थेतल्या फुलाचे परागकोश चिमट्याने तोडून काचेच्या लहान बाटलीत घ्या. पराग केशरी, भुकटीसारखा सुटला पाहिजे. दुसऱ्या झाडावर मंजिरीच्या खालच्या भागातली अशी फुलं निवडा ज्यांचे पुंकेसर सुकून मागे गेले आहेत आणि कुक्षिवृंत (कुक्षीचा दांडा) बाहेर आलेला आहे, टोक ओलसर चमकतंय. मऊ कुंचल्याने पराग तिथे टेकवा. दुसऱ्या दिवशी परत तेच करा. त्या फुलांना दोरा बांधून तारीख लिहा. मंजिरीवर आधीच, कळ्या उमलण्यापूर्वी, मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी घाला.

ही पिशवी वगळू नका. क्र. २ त्याच सुमारास फुलली तर पक्षी आणि मधमाश्या मार्लोथीचा पराग आणतील, बोंडं भरपूर धरतील आणि सगळं बी संकर निघेल. बोंड धरलं म्हणजे काम झालं, असं मानू नका.

दोन झाडांचा फुलोरा पुढे-मागे झाला तर पराग साठवता येतो. परागकोश एक दिवस सावलीत सुकवा, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ४ अंशाला. पंधरा-वीस दिवसांच्या अंतरासाठी ते पुरतं. फ्रीजरमध्ये ओला पराग टाकू नका.

बोंड पिकायला दोन-अडीच महिने धरा. ते टोकाकडून तीन भागांत उकलतं आणि बी वाऱ्यावर जातं, बियांना पातळ पंख असतात. म्हणून टोक तपकिरी होऊन फट दिसू लागली की लगेच काढा.

माळावरचा_निचरा

बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा. जाड वाळू दोन भाग, चाळलेला मुरूम एक, कंपोस्ट एक. बियांवर जेमतेम २-३ मिमी वाळू, जास्त खोल नको. ट्रे खालून पाण्यात बुडवून भिजवा, वरून झारी नको. दोन ते चार आठवड्यांत उगवतं. पहिल्या काही महिन्यांत पानं दोन ओळींत समोरासमोर येतात, गुलाबासारखी गोल रचना नंतर होते. ते पाहून 'हे ॲलो नाहीच' म्हणून रोपं टाकून देऊ नका. सर्वांत जास्त रोपं जातात ती मर रोगाने: देठ जमिनीलगत काळा पडून रोप आडवं होतं. उगवण झाली की झाकण काढा, हवा खेळू द्या.

बी बाहेरून मागवायचा विचार असेल तर कागदपत्रं आधी बघा. ॲलो वंशातल्या जाती साइटीसच्या (वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत, बहुतेक दुसऱ्या परिशिष्टात आणि काही दुर्मीळ जाती पहिल्या. आपली कोरफड तेवढी वगळलेली आहे. आणि भारतात येणाऱ्या बियांना २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. कुणाच्या बॅगेतून मागवू नका.

आल्गोआ

काळ्या बोळाचं राहिलंच. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला कडू चीक, गर नव्हे. पान आडवं कापलं की दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. हिरव्या सालीच्या लगेच आत वाहिन्यांचे ठिपके, त्यांच्याशेजारच्या मोठ्या पेशींतून पिवळा चीक गळतो. मधला पारदर्शक भाग म्हणजे गर. रेचक गुण चिकात, ॲलोइनमुळे.

आपल्या बाजारातला बोळ अनेक जातींचा आणि अनेक ठिकाणचा असू शकतो, रंगावरून जात सांगता येत नाही. फेरॉक्सचा चीक 'केप ॲलो' म्हणून जगभर जातो. तो काढायची पद्धत अशी: जमिनीत उथळ खळगा, त्यावर प्लास्टिक, पूर्वी बकऱ्याचं कातडं. खालची काही पानं कापून, कापलेली बाजू आत करून, खळग्याभोवती गोल रचतात. साधारण दोनशे पानांचा ढीग, चार तासांत चीक निथळतो. मग तो आटवतात, थंड झाला की काचेसारखा गडद तपकिरी खडा. नीट काढणारे लोक प्रत्येक झाडाची फक्त खालची पानं घेतात, वरची ठेवतात. सगळी कापली तर झाड मरतं.

युरोपच्या औषधसंहितेत केप ॲलोमध्ये बार्बालोइनच्या (ॲलोइनमधलं मुख्य द्रव्य) हिशेबाने किमान १८ टक्के द्रव्य लागतं, व्हेरापासूनच्या बार्बाडोस ॲलोत किमान २८ टक्के. विद्यार्थ्यांना हे सांगाच, आणि बागेतल्या पानाचा चीक चाखू देऊ नका. जोरदार जुलाब होतात, गरोदर बाईला तर धोकाच.

काळी_माती

क्र. ३ उघडं केलं. कूज एका बाजूला, घेराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात, गाभा पांढरट-हिरवा आणि घट्ट. कापून लेप दिला. सातही आळी मोडली, ठिबक बंद केलं.

क्र. १ ची पाटी अशी लिहिली आहे, तपासाल का? 'ॲलो फेरॉक्स मिलर, १७६८. कुल: लिलिएसी. मूळ: दक्षिण आफ्रिका.'

पर्णरंध्र

कुल बदला. लिलिएसी जुन्या पुस्तकांतलं आहे, आता ॲस्फोडेलेसी. मूळ 'दक्षिण आफ्रिका व लेसोथो' लिहा. आणि पाटी खोडाला खिळ्याने ठोकू नका, तारेने बांधूही नका. जमिनीत लोखंडी सळई रोवून तिच्यावर लावा, ढिगाच्या बाहेर.

क्र. ६ आणि ७ ला 'ॲलो व्हेरा' फुलं पिवळी दिसल्यावरच लिहा.

माळावरचा_निचरा

क्र. ३ ची जखम दोन आठवड्यांनी अंगठ्याने दाबून बघा. पृष्ठभाग कोरडा, चामड्यासारखा झाला असेल तर मुरूम भरा. कडेला ओलसर तपकिरी रेघ दिसली किंवा आंबूस वास आला तर त्याच दिवशी पुन्हा कापा. मुरूम भरल्यावर पहिलं पाणी महिन्याने, तेही मधलं नवं पान ताठ असेल तरच.